जुन्या स्पोर्ट्‌स कारचा तपासणी-इतिहास कसा वाचावा?

कर्जप्रस्तावाची छाननी करताना आपण खात्यातील एका दिवसाची शिल्लक पाहून निर्णय घेत नाही, वर्षभराचा खातेउतारा मागवतो. शिल्लक एका दिवसापुरती फुगवता येते. व्यवहारांची मालिका सहसा बनवता येत नाही. जुनी मोटार घेतानाही हीच दृष्टी उपयोगी पडते, आणि ब्रिटनमध्ये तर गाडीचा हा 'उतारा' कोणासही विनामूल्य पाहता येतो. आपल्या अनेक ग्राहकांची मुले नोकरी-व्यवसायानिमित्त तेथे स्थायिक झाली आहेत. हाती चार पैसे आल्यावर एखादी दोन आसनी, उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यावी असा मोह त्यांच्यापैकी काहींना होतो. त्यांच्या आणि त्यांच्या काळजीत असलेल्या पालकांच्या माहितीसाठी हा लेख.

ब्रिटनमधील वार्षिक वाहन तपासणीस 'एमओटी' म्हणतात. मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट या तत्कालीन मंत्रालयाची ही आद्याक्षरे. १९६० मध्ये ती दहा वर्षांहून जुन्या वाहनांसाठी सुरू झाली; १९६७ पासून तीन वर्षांहून जुनी प्रत्येक मोटार तिच्या कक्षेत आली. २००५ मध्ये या नोंदींचे संगणकीकरण सुरू झाले. शासनाच्या संकेतस्थळावर गाडीचा नोंदणी क्रमांक टाकला की तेव्हापासूनच्या तपासण्यांचा निकाल, त्या वेळचा मैलांचा आकडा, नापास होण्याची कारणे आणि 'ॲडव्हायजरी', म्हणजे 'आज पास, पण याकडे लक्ष ठेवा' अशा स्वरूपाच्या सूचना समोर येतात. तपासणी कोणत्या केंद्रात झाली हे पाहण्यासाठी मात्र व्हीफाइव्हसी या नोंदणी पुस्तिकेवरील अकरा अंकी क्रमांक लागतो. तो सांगण्यास विक्रेता खळखळ करीत असेल, तर का, हे विचारावे.

आता एमजीबी या लोकप्रिय गाडीचे उदाहरण घेऊ. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डन येथील कारखान्यातून पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या. आजही सुटे भाग सहज मिळतात. या गाडीस स्वतंत्र चासी नाही. दारांच्या खालून जाणाऱ्या पोकळ पोलादी पट्ट्या, ज्यांना 'सिल' म्हणतात, तिच्या शरीराचा भार वाहतात. टप नसलेल्या नमुन्यात तर हा भार अधिकच. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि गंज नेमका याच पट्ट्यांना आतून खात जातो. वरचा रंग चकचकीत असताना खालची पट्टी पोखरलेली असू शकते, आणि अपघाताच्या क्षणी आतील माणसाचे रक्षण याच पट्टीवर अवलंबून असते.

म्हणून नोंदी वाचताना सर्वप्रथम गंजाचा उल्लेख शोधावा. समजा, २०११ मध्ये 'डाव्या सिलला गंज, परंतु गंभीर नाही' अशी सूचना आहे. २०१२ आणि २०१३ मध्ये तीच आहे. आणि २०१४ मध्ये ती एकाएकी नाहीशी झाली आहे. याचा अर्थ एकतर वेल्डिंगचे रीतसर काम झाले किंवा गंजावर डांबरी लेप चढवला गेला. तपासनीस गाडीचे भाग खोलून पाहू शकत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. २०१४ च्या सुमाराचे कामाचे बिल आणि छायाचित्रे मागावीत. ती नसतील तर दुसरी शक्यताच गृहीत धरलेली बरी. याउलट, एखाद्या वर्षी गाडी नापास झाली म्हणून घाबरू नये. नापास, मग दुरुस्ती, मग पास, हा क्रम निरोगी होय. मला स्वतःला पन्नास वर्षांच्या गाडीचे वर्षानुवर्षे एकही सूचना नसलेले कोरे प्रमाणपत्रच अधिक संशयास्पद वाटते.

मैलांचा आकडाही असाच ओळीने पाहावा. तो मध्येच घटला असेल तर मीटर बदलला आहे किंवा फिरवला आहे; शिवाय या गाड्यांचे मीटर पाच अंकी असल्याने ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यापासून सुरू होतात. वर्षाला जेमतेम शंभर मैल धावलेली गाडी जाहिरातीत मोठ्या कौतुकाने मांडली जाते. वस्तुतः उभ्या गाडीचे ब्रेक जाम होतात आणि रबरी भाग वाळतात.

खरी अडचण पुढे आहे. २० मे २०१८ पासून, नोंदणीस चाळीस वर्षे झालेल्या आणि मागील तीस वर्षांत मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. एमजीबीचे उत्पादन १९८० मध्येच थांबल्याने मूळ स्वरूपातील जवळजवळ प्रत्येक एमजीबी आज या सवलतीस पात्र आहे. परिणामी अनेक गाड्यांच्या नोंदी त्या सुमारास संपतात. शेवटच्या तपासणीत ब्रेकच्या नळ्या गंजल्याची सूचना, आणि पुढे इतकी वर्षे काहीच नाही! विक्रेता 'कायद्याने आवश्यकता नाही' असे म्हणेल, आणि ते खरेही आहे. परंतु गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी सवलतीने संपत नाही. धोकादायक अवस्थेतील गाडी चालवल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो खरेदीदाराच्या माथी येतो.

२००५ पूर्वीचा काळ कागदी प्रमाणपत्रांचा. चांगले मालक ती फाइलमध्ये जपतात. त्यांवरील मैलांचे आकडे संगणकावरील पहिल्या नोंदीशी जुळतात का, हे पडताळावे.

काही गोष्टी मात्र या नोंदींत मुळीच नसतात. एमओटीमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सच्या स्थितीची तपासणी होत नाही. गाडीवर कर्ज थकीत आहे का, हेही त्यात कळत नाही. त्यासाठी खासगी माहिती-संस्थांकडून शुल्क भरून अहवाल घ्यावा लागतो. बँकेतील मंडळींना आश्चर्य वाटेल, पण व्हीफाइव्हसी हा मालकीचा पुरावा नाही, असे त्या पुस्तिकेवरच छापलेले असते. आपल्याकडे खासगी मोटारीची योग्यता नोंदणीनंतर पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासली जाते. त्यामुळे अशी सलग वार्षिक मालिका येथे मिळत नाही. कर्जाचा बोजा मात्र आपल्या नोंदणी प्रमाणपत्रावरच दिसतो.

सवलत असलेल्या गाडीचीही स्वेच्छेने एमओटी करून घेता येते. मोटारीसाठी तिचे कमाल शुल्क ५४.८५ पौंड आहे. इसार देण्यापूर्वीच ही अट घालावी, केंद्र आपण निवडावे, शुल्क आपण भरावे आणि गाडी उचलून धरलेली असताना तिच्याखाली जाऊन सिलकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.