मोरीच्या जाळीखालचं दोन इंच पाणी

मोरीत बादली ओतली, पाणी जाळीतून खाली गेलं, की आपल्या लेखी त्या पाण्याचा विषय संपतो. संशोधकांच्या लेखी तो तिथून सुरू होतो. घराच्या भिंतीतल्या पाइपांमधून आजार एका खोलीतून दुसरीत, एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो, हे गेल्या वीसेक वर्षांत वैद्यकशास्त्राला दिसलं आहे. आपल्या कळंब-वालचंदनगरच्या पट्ट्यात आता आतच संडास-बाथरूम असलेली, वर एक मजला चढवलेली घरं सगळीकडं उभी राहत आहेत. म्हणून हे पाणी कुठून कसं जातं ते एकदा नीट पाहू. त्यासाठी प्लंबिंगचं कसलंही ज्ञान लागत नाही, फक्त जाळी उचलायची तयारी हवी.

जाळी उचलली की खाली एक पसरट भांडं दिसतं. त्याला प्लंबर ‘नानी ट्रॅप’ म्हणतात. त्याची घडणच अशी असते, की पाणी वाहून गेल्यावरही थोडं पाणी आत साचून राहावं. साधारण दोन इंच, म्हणजे 50 मिलिमीटर. याला वॉटर सील म्हणतात, म्हणजे पाण्याचं बूच. त्याच्या पलीकडं सेप्टिक टँकची हवा, वास, झुरळं आणि जंतू असतात, अलीकडं आपण. बेसिनखालचा वाकडा पाइप आणि संडासाच्या भांड्याखालचं वळण हेच काम करतात.

पहिली चूक इथंच होते. स्वस्तातल्या ट्रॅपमध्ये एक उलटी वाटी बसवलेली असते. तिच्यात केस आणि साबणाचा चिकटा अडकतो, पाणी तुंबतं, आणि कोणीतरी वैतागून ती वाटी काढून टाकतं. पाणी धो धो जायला लागतं, सगळे खूश. पण त्या प्रकारच्या ट्रॅपमध्ये पाण्याचं बूच धरून ठेवणारी ती वाटीच असते. ती गेली की गटार आणि बाथरूम यांच्यामध्ये काहीच उरत नाही. आठवड्यातून एकदा वाटी काढून घासा आणि परत बसवा. हरवली असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून नवी आणा.

दुसरी चूक घर बंद ठेवण्याची. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या कोरड्या हवेत हे दोन इंच पाणी काही आठवड्यांत उडून जातं. मुलांकडं पुण्याला महिनाभर राहून आल्यावर दार उघडताच जो वास येतो, तो याचाच. पाहुण्यांच्या खोलीचं क्वचित वापरात येणारं बाथरूम, गच्चीवरची मोरी, इथं तर वर्षभर ही स्थिती असते. आठवड्याला एक तांब्या पाणी ओतलं तरी पुरतं. जास्त दिवस जायचं असेल तर पाणी भरून वर दोन चमचे खाद्यतेल सोडा. तेलाचा थर पाणी उडू देत नाही.

एवढ्याशा पाण्यानं काय होतं, याचं उत्तर हाँगकाँगमध्ये मार्च 2003 मध्ये मिळालं. सार्स या श्वसनाच्या आजाराची साथ चालू होती. अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत जुलाब होत असलेला एक रुग्ण येऊन राहून गेला आणि पुढं तिथले तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. तपासात दिसलं, की बऱ्याच बाथरूमांतल्या फरशीवरचे ट्रॅप कोरडे पडले होते. हवा बाहेर टाकणारे पंखे चालू केले की ते पाइपांतली दूषित हवा कोरड्या ट्रॅपमधून आत ओढत होते. 2020 मध्ये चीनच्या ग्वांगझू शहरात कोविडच्या बाबतीतही असंच चित्र पुढं आलं. एकाच उभ्या रांगेतल्या, तीन वेगवेगळ्या मजल्यांवरच्या घरांतली कुटुंबं आजारी पडली. त्यांचा एकमेकांशी संबंध आला नव्हता, त्यांना जोडणारा होता तो सांडपाण्याचा उभा पाइप. आपलं घर दोनच मजल्यांचं असलं तरी वरच्या आणि खालच्या मजल्यात तसाच एक पाइप असतो. म्हणून पंखा लावण्याआधी ट्रॅपमध्ये पाणी आहे ना, हे पाहावं.

बूच भरलेलं असलं तरी ट्रॅपच्या भिंतींवर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. त्याला जैवपटल म्हणतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात एमी मॅथर्स यांच्या गटानं हे पाहायला प्रयोगशाळेतच बेसिनांची एक रांग उभी केली आणि हिरवे चमकणारे ई. कोलाय जिवाणू खालच्या वळणात सोडले. 2017 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. जंतू दिवसाला साधारण इंचभर पाइपच्या भिंतीवरून वर चढत गेले आणि आठवड्याभरात जाळीपर्यंत पोचले. मग नळाची धार जाळीवर पडली, की ते आजूबाजूला उडू लागले. त्यांना खाणं मिळत होतं ते पाइपात ओतलेल्या अन्नांशातून. उरलेला चहा, ताक, औषधाचं पातळ सरबत हात धुण्याच्या बेसिनमध्ये ओतू नये, ते यासाठी. रुग्णालयांत ही गोष्ट जिवावरची ठरते, कारण तिथल्या पाइपांत औषधांना न जुमानणारे जंतू राहतात.

अशा हट्टी जंतूंवर नवं औषध शोधण्यात कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, कामाला लागली आहे. आपल्या भागाला एआय उसामुळं माहीत झाली. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगात उपग्रहाची छायाचित्रं, शेतातले सेन्सर आणि हवामानाची माहिती एकत्र करून पाणी-खताचा सल्ला दिला जातो. औषधाच्या शोधातही रीत तीच आहे, फक्त शेताच्या जागी रेणू आहेत. एमआयटी या अमेरिकी संस्थेतल्या संशोधकांनी सुमारे अडीच हजार रेणू ई. कोलायवर चालतात की नाही हे संगणकाला शिकवलं आणि मग त्याच्यापुढं हजारो दुसरी संयुगं ठेवली. त्यानं निवडलेलं एक संयुग पूर्वी मधुमेहासाठी तपासून बाजूला ठेवलेलं होतं. त्याला हॅलिसिन नाव दिलं गेलं. हे 2020 चं काम. 2023 मध्ये अशाच पद्धतीनं अ‍ॅबॉसिन सापडलं. रुग्णालयांत छळणाऱ्या अ‍ॅसिनेटोबॅक्टर बाउमानी या जिवाणूवर ते नेमकं चालतं. दोन्हींचे परिणाम दिसले ते प्रयोगशाळेत आणि उंदरांवर. तिथून औषधाच्या दुकानापर्यंतचा रस्ता लांबचा असतो, आणि जंतूंचा थर घासून काढायला ब्रश आजही हाताशी आहे.

संडासात फ्लश केल्यावर काय होतं, हेही आता डोळ्यांनी पाहता आलं आहे. 2022 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या अभियंत्यांनी झाकण नसलेल्या कमोडवर हिरवा लेझर सोडून उडणारे सूक्ष्म थेंब टिपले. आठ सेकंदांत ते कमोडपासून दीड मीटर वर पोचले होते. झाकण लावून भागेल असं वाटतं, पण 2024 मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं, की विषाणू आजूबाजूला पसरण्यात झाकणानं फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो जंतुनाशक टाकून ब्रशनं घासल्यानं. आपल्याकडच्या उकिडवं बसायच्या भांड्याला झाकण नसतंच, तेव्हा आपल्याला ही दुसरी गोष्टच उपयोगाची. घरात कोणाला जुलाब-उलट्या होत असतील तर त्या दिवसांत भांडं, नळाची चावी आणि कडी रोज पुसा. ब्लीच आणि अ‍ॅसिड मात्र कधीही एकत्र ओतू नका, त्यातून क्लोरिन हा विषारी वायू निघतो.

भांड्यातून पाणी उभ्या पाइपात येतं. मोठा लोंढा खाली जाताना मागं पोकळी करतो आणि त्या ओढीनं जवळच्या ट्रॅपमधलं पाणीही खेचलं जातं. वर फ्लश केल्यावर खालच्या मोरीत गुडगुड आवाज येतो, तो हाच. हवेला मोकळी वाट मिळावी म्हणून उभा पाइप गच्चीच्या वर नेतात. तो व्हेंट पाइप. आपल्याकडं त्याला गॅस पाइपही म्हणतात. इथल्या घरांत सर्वांत जास्त गफलत याच पाइपाची होते. पहिल्या मजल्याच्या वेळी तो बरोबर उंचीवर असतो. पाच वर्षांनी वर खोल्या चढतात आणि त्याचं तोंड नेमकं नव्या खिडकीशी येतं. वास येतो म्हणून मग त्याला टोपण ठोकतात किंवा सिमेंट भरतात. त्यानं वास जात नाही. हवेची वाट बंद झाल्यानं ट्रॅपमधलं पाणी खेचलं जातं आणि वास घरात शिरतो. पाइप गच्चीच्या वर वाढवून घ्या आणि तोंडाला बारीक नायलॉनची जाळी घट्ट बांधा, कारण सेप्टिक टँकमधून डासांची ये-जा याच तोंडानं होते.

आता सेप्टिक टँक. इथं गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू मैला कुजवतात. पाणी निदान एक दिवस शांत थांबलं तरच हे घडतं. पाच माणसांच्या घराला भारतीय मानकाप्रमाणं दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याची खोली एवढी टाकी पुरते. गवंडी मात्र खोलीएवढा खड्डा सांगतो, तळ कच्चा ठेवतो, आणि मालक अभिमानानं सांगतो की वीस वर्षांत टाकी उपसावी लागली नाही. न भरणारी टाकी चांगली नसते, ती गळत असते. घट्ट बांधलेली टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावीच लागते.

आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाइपांना टी आकाराचा जोड आहे ना, ते बांधतानाच पाहून घ्या. तो नसला तर साय थेट बाहेर पडून, टाकीचं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा बुजवते. पावसाचं पाणी टाकीत सोडू नका. सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, प्लास्टिक आत जाऊ देऊ नका.

आणि टाकीत माणूस उतरवू नका. मार्च 2023 मध्ये आपल्या शेजारी, बारामती तालुक्यातल्या खांडजला, बायोगॅसच्या चेंबरमध्ये उतरलेल्या चौघांचा गुदमरून जीव गेला. सेप्टिक टँकमध्येही तेच वायू असतात. एक बेशुद्ध पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही राहतो. सुरक्षेची साधनं न देता टाकीत माणूस उतरवून सफाई करून घेण्यावर 2013 च्या कायद्यानं बंदी घातली आहे. पंप लावलेला टँकर बोलवावा. कोणी आत पडलाच, तर जीव कितीही तुटला तरी मागोमाग उतरू नका. वरून दोर टाका आणि अग्निशमन दलाला बोलवा.

टाकीतून बाहेर पडणारं पाणी दिसायला निवळलेलं असतं, पण जंतूंनी भरलेलं असतं. त्याची पुढची जागा शोषखड्डा, आणि इथं आपली जमीन आडवी येते. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात भारी काळी माती आहे. ओली झाली की ती फुगते आणि पाणी घेईनाशी होते. कालव्याच्या पाण्यानं खालची पाणीपातळीही वर आलेली असते. हा प्रश्न जुना आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी ताम्हाणे यांच्याबरोबर 1910 मध्येच नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर लिहून ठेवलं होतं. ते शेतीबद्दल होतं, पण शोषखड्ड्याचा खोळंबाही त्याच मातीतून येतो.

म्हणून खड्डा खोदण्याआधी एक चाचणी करा. शोषखड्ड्याच्या जागी वीतभर रुंदीचा छोटा खड्डा घ्या. रात्रभर त्यात पाणी भरून ठेवा, म्हणजे माती फुगायची तेवढी फुगेल. सकाळी तळाशी वीतभर पाणी राहील असं ठेवा, पट्टी उभी करा आणि पाणी एक इंच उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहा. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालेल. अर्धा ते एक तास लागला तर खोल खड्ड्याऐवजी खडी भरलेले लांब, उथळ चर घ्यावे लागतात. तासापेक्षा जास्त लागला तर ती जमीन पाणी घेणार नाही. मग टाकीनंतर खडीची गाळणी बांधावी लागते. पावसाळ्यात खड्ड्याच्या तळाशी आपोआप पाणी दिसत असेल, तर तिथं शोषखड्डा करूच नका. जागा असेल तर मुरमाचा उंचवटा निवडा. पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून निदान 18 मीटर आणि घरापासून 6 मीटर अंतर ठेवा. हे अंतर शेजाऱ्याच्या विहिरीलाही लागू आहे, आणि भांडणं नेमकी तिथंच होतात.

हे अंतर पाळायचं ते पिण्याच्या पाण्यात मैला मिसळू नये म्हणून. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते आणि हातापायांतली ताकद जाते. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले, आणि संशय पाण्यावर गेला. मैला आणि पिण्याचं पाणी एकमेकांना भेटले, की आजार जुलाबांवरच थांबेल याची खात्री नसते.

त्यामुळं घरचं पाणी पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासून घ्या. ग्रामपंचायतीच्या पाणी तपासणी संचात एच-टू-एसची छोटी बाटली असते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून, झाकण लावून, उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायची. आतलं पाणी काळं पडलं तर मैल्याचा शिरकाव झाला असण्याची शक्यता धरायची. त्या दिवसापासून पाणी उकळून प्या, नमुना सरकारी प्रयोगशाळेत पाठवा, आणि आपल्या विहिरीभोवतीच्या 18 मीटरांत कोणाचा शोषखड्डा येतो, ते टेप घेऊन मोजून काढा.