डिस्कला हात न लावता लिनक्स

विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि घरोघरचे धडधाकट लॅपटॉप एकाएकी जुने ठरले. त्यांतल्या अनेकांवर विंडोजऐवजी लिनक्स झकास चालेल, पण हात धजत नाही. मुलांचे फोटो, दहा वर्षांचे हिशेब, सगळं त्याच डिस्कवर! ही भीती मला अगदी रास्त वाटते. म्हणून आधी डिस्कला न शिवता लिनक्स चालवून बघावं.

ही युक्ती जुनीच. जर्मन अभियंता क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली ‘क्नॉपिक्स’ नावाचं लिनक्स आणलं. ते थेट सीडीवरून सुरू व्हायचं. छापील सीडीवर काही लिहिता येत नाही, मग चालू कामाच्या नोंदी ठेवायच्या कुठे? रॅममध्ये! आजच्या ‘लाइव्ह’ पेनड्राइव्हचं, म्हणजे ज्यावरून थेट लिनक्स चालतं त्याचं, तंत्र तेच. अख्खी सिस्टिम एका फाइलीत दाबून भरलेली असते आणि ती फक्त वाचली जाते. नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघा ओढाव्यात, तसे तुमचे सगळे बदल रॅममधल्या थरावर उमटतात. लॅपटॉप बंद केला की तो कागद गेला, नकाशा जसाच्या तसा.

‘लिनक्स मिंट’ या लिनक्सच्या प्रकारासाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. मिंट चढवताना त्यावरचं जुनं मात्र पुसलं जातं. लॅपटॉप चालू करताना एफ१२ किंवा एस्केप (कंपनीगणिक बटण वेगळं) दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. मग वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, मराठी टाइप होतं का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, हे निवांत बघा. थोडं संथ वाटेल, कारण पेनड्राइव्ह वाचायला वेळ लागतो.

विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शटडाउननंतरही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं. अशा वेळी लिनक्समधून सी ड्राइव्हवर काही लिहू नका. डिस्कला विंडोजचं ‘बिटलॉकर’ हे कुलूप असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवा.

सगळ्यात मोठा धोका एका ठिकाणी आहे: डेस्कटॉपवरचं ‘इन्स्टॉल’ आणि त्यातला ‘इरेज डिस्क’ हा पर्याय. तिकडे जायचंच नाही. टेबलावरचा पीसी असेल, तर तो बंद करून, प्लग काढून, डिस्कची केबलच सोडवून ठेवा. जोडलेलीच नाही ती डिस्क पुसली जाणार कशी? आणि त्याआधी सगळ्याची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि त्यातले दोन-चार फोटो खरोखर उघडून पाहा.