दोघांची भटकंती, घरचा डबा

नोकरी करणाऱ्या तरुण जोडप्याची रविवारची सहल बहुधा एका दिवसात आटोपते. सकाळी लवकर निघायचे, शहरापासून तास-दीड तासावरचा एखादा गड, तलाव, लेणे किंवा देवस्थान गाठायचे, बरोबर नेलेला डबा सावलीत बसून खायचा आणि दिवेलागणीपर्यंत घरी परतायचे, एवढेच तिचे स्वरूप. मुक्काम नाही, त्यामुळे खोलीचे भाडे नाही. घरचे खाणे, त्यामुळे बाहेरच्या दोन वेळच्या जेवणाचे बिल नाही. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत घराचा हप्ता किंवा भाडे, गावाकडे पाठवायचे पैसे आणि रोजचा प्रवास यांतच पगार संपतो. अशा जोडप्यांना परवडणारी आणि दर आठवड्याला जमू शकणारी हीच एक सहल आहे. दोघांच्या कामाच्या वेळा वेगळ्या असतील तर सलग सात-आठ तास एकमेकांबरोबर मिळणे ही तिची सर्वांत मोठी मिळकत.

रविवार मोकळा मिळणे हेही आपोआप घडलेले नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज सुट्टीचा बेत आखणाऱ्या प्रत्येकाने लोखंड्यांचे नाव एकदा तरी आठवावे, इतके त्यांचे ऋण मोठे आहे.

डबा घेऊन घराबाहेर जेवायला जाण्याची रीत मात्र त्याहून कितीतरी जुनी. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली पंगत मांडून आवळीभोजन करतात. लातूर, धाराशिव या भागात मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते. त्या दिवशी आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे आणि खीर घेऊन सगळे कुटुंब शेतावर जाते आणि पाहुणे-शेजारी यांनाही आग्रहाने जेवायला नेते. सोलापूर-नगरकडे हुरडा, जळगावकडे शेतातले भरीत, रायगड जिल्ह्यात वालाच्या शेंगांची पोपटी, या सगळ्या उघड्यावरच्या जेवणाच्याच परंपरा. त्या साऱ्या गोतावळ्याच्या आहेत. नवरा-बायकोने मिळून घराबाहेर जायचे ते देवदर्शनाला. लग्नानंतर नव्या जोडीने जेजुरीला जाणे आणि नवऱ्याने बायकोला उचलून घेऊन गडाच्या काही पायऱ्या चढणे हा रिवाज अजूनही पाळला जातो. केवळ एकमेकांच्या सोबतीसाठी दोघांनीच बाहेर पडणे मध्यमवर्गात रुळले ते बऱ्याच उशिरा. आता मोठ्या शहरांत ते कोणाला खटकत नाही, ही चांगली गोष्ट आहे.

अशा भटकंतीला पुण्याइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल. शहरातच टेकड्या आहेत. पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या चढून गेले की नानासाहेब पेशव्यांच्या काळातले देवस्थान आणि खाली पसरलेले शहर दिसते. वेताळ टेकडी ही शहरातली सर्वांत उंच जागा; तिथे पाऊलवाटा, जुनी दगडखाण आणि पहाटे मोरांचे आवाज आहेत. ज्या आठवड्यात थकवा जास्त आहे, त्या आठवड्यात टेकडीवरचा दोन तासांचा फेरफटका आणि बरोबर नेलेली न्याहारी पुरेशी होते. दर वेळी लांब जाण्याचा हट्ट धरला की तिसऱ्या-चौथ्या रविवारी दोघेही कंटाळतात.

पूर्ण दिवस हाताशी असेल तर सिंहगड. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीचा हा गड, जुने नाव कोंढाणा. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी प्राण देऊन तो जिंकून दिला. छत्रपती राजाराम महाराजांचे निधन १७०० मध्ये इथेच झाले आणि त्यांची समाधी गडावर आहे. लोकमान्य टिळक विश्रांतीसाठी राहत तो बंगलाही इथलाच. स्वारगेटहून पायथ्यापर्यंत पीएमपीची बस जाते, तिथून आतकरवाडीच्या वाटेने सवयीच्या पायांना तास-दीड तासात वर पोहोचता येते. गाडीरस्ता थेट वरपर्यंत आहे, पण सुट्टीच्या दिवशी त्या रस्त्यावर वाहनांची रांग लागते आणि पायवाटेने निघालेले कित्येकदा आधी पोहोचतात. गडावर परिसरातल्या गावांतील कुटुंबे पिठले-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही विकतात. बरोबर डबा असला तरी दही तिथलेच घ्यावे. ते चवीला उत्तम असते आणि त्या पैशांवर गडावरची घरे चालतात.

दुसरी वाट लोहमार्गाची. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरले की भाजे लेणी चालत जाण्याइतकी जवळ आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपास सुरू झालेल्या या कोरीवकामात चैत्यगृहाचे छत पाहताना लाकडी बांधकामाची नक्कल दगडात कशी उतरवली ते स्पष्ट कळते. शेजारी एकत्र उभे असलेले चौदा स्तूप तर थांबून पाहावेत असे. ज्यांना आणखी चढायचे आहे त्यांच्यासाठी पुढे लोहगड आहे. डोंगराची चिंचोळी सोंड, जिला विंचूकाटा म्हणतात, ती या गडाची खूण. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत लोहगडाचा समावेश आहे. दुपारच्या वेळी या मार्गावर लोकल कमी असतात, म्हणून परतीची गाडी सकाळीच पाहून ठेवावी.

इतर शहरांतही अशी ठिकाणे हाताशी आहेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी, नाशिकची पांडवलेणी, कोल्हापूरजवळचा पन्हाळा, नागपूरहून रामटेक, छत्रपती संभाजीनगरहून देवगिरी, यांपैकी कुठेही सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते.

डब्यात काय न्यायचे हे मुख्यतः पदार्थातल्या पाण्यावर ठरते. ओलावा जितका जास्त तितका पदार्थ लवकर विटतो, हे पायी प्रवास करणाऱ्यांना पूर्वापार ठाऊक होते आणि शिदोरीचे सगळे पदार्थ त्या जाणिवेतून घडलेले आहेत. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात; दुधातल्या स्निग्धांशामुळे ती गार झाली तरी वातड होत नाही. गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या दशम्या किंवा पुऱ्या आणखी खुसखुशीत लागतात. तिखटमिठाच्या पुरीचे पीठ घट्ट मळून, मोहन घालून तळले की पाणी बरेचसे उडून जाते आणि ती दुसऱ्या दिवशीही चांगली राहते. धपाटे आणि थालीपीठ हेही भटकंतीचे खास पदार्थ, मात्र त्यांत एक फरक करावा लागतो. थालीपिठाच्या भाजणीतली धान्ये आणि डाळी आधीच भाजलेल्या असतात, त्यामुळे पीठ टिकते. पण भरपूर कांदा घातलेले थालीपीठ उन्हाळ्यात दुपारपर्यंत वास मारू लागते. सहलीच्या दिवशी कांदा वगळावा आणि तीळ, ओवा, धने यांच्यावर चव सांभाळावी.

सोबतीला कोरड्या चटण्या. लसूण-खोबरे, शेंगदाणे, जवस, कारळे यांपैकी कोणतीही चटणी आठवडाभर बरणीत राहते. ओल्या नारळाची चटणी मात्र घरीच खावी, ती उन्हात फार लवकर आंबते. रस्साभाजीपेक्षा बटाट्याच्या काचऱ्या बऱ्या. दडपे पोहे न्यायचे असतील तर पातळ पोहे, फोडणी आणि चिरलेला कांदा वेगवेगळ्या डब्यांत न्यावेत आणि खायच्या वेळी कालवावेत, म्हणजे पोह्यांचा लगदा होत नाही. काकडी, गाजर, पेरू अख्खे न्यावेत, सोबत एक लहान सुरी. कोकमाचे आगळ छोट्या बाटलीत घेतले की वर पोहोचल्यावर पाणी, मीठ, साखर घालून सरबत होते, आणि घामाने गेलेले मीठ भरून काढायला त्याचा उपयोगही होतो.

भाताबद्दल अधिक काळजी हवी. तांदळात असणाऱ्या एका जातीच्या जीवाणूंचे बीजाणू शिजवल्यावरही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि उलट्या-जुलाब होतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात शिजवलेले ओलसर अन्न दोन तासांहून अधिक राहू देऊ नये, हा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे. दहीभात न्यायचाच असेल तर तो गार करून, बर्फाच्या पिशवीसह झाकणाच्या डब्यात न्यावा आणि सगळ्यांत आधी तोच संपवावा. मावळातल्या इंद्रायणी तांदळाचा मऊ, चिकट भात त्यासाठी छान लागतो. भात नेहमीपेक्षा सैल शिजवून त्यात गार दूध जास्त आणि दही चमचाभरच कालवले तर तो जेवणाच्या वेळेपर्यंत आंबट होत नाही.

डबा भरण्याचीही एक पद्धत आहे. पोळ्या-पुऱ्या गरम असताना झाकण लावले की वाफेचे पाणी आत जमते आणि सगळा पदार्थ ओलसर होतो. त्या जाळीवर निवू द्याव्यात, सुती फडक्यात गुंडाळाव्यात आणि मगच डब्यात ठेवाव्यात. दही, ताक, लिंबू, कोकम असे आंबट काहीही कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात नेऊ नये. स्टीलचे डबे आणि दोन ताटल्या जड वाटल्या तरी त्या न्याव्यात, कारण टाकाऊ ताटल्या-पेले शेवटी गडावरच पडून राहतात. २०१८ पासून महाराष्ट्रात एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या अशा भांड्यांवर बंदीही आहे. गडांवर आणि लेण्यांपाशी माकडे डबा उघडण्याचीच वाट पाहत असतात. त्यांना खायला देणे म्हणजे पुढच्या माणसाच्या हातातला डबा ओढायला शिकवणे, तेव्हा तो मोह आवरलेला बरा. आग्या मोहोळे असलेल्या कड्यांखाली चूल पेटवू नये आणि अत्तर-सेंट लावून जाऊ नये.

पावसाळ्यात सह्याद्री सर्वांत सुंदर असतो आणि सर्वांत धोकादायकही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. वर डोंगरात पाऊस कोसळला की खालच्या प्रवाहाची पातळी काही मिनिटांत वाढते आणि मधल्या खडकावर उभ्या असलेल्यांना परतीची वाट राहत नाही. जून ते सप्टेंबर या काळात पाणी काठावरूनच पाहावे, जेवायलाही प्रवाहाच्या पात्रात बसू नये. पायी फिरायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. मार्चनंतर उन्हे चढायच्या आत परतता येईल अशाच जागा निवडाव्यात.

या सगळ्यात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही, तो म्हणजे डबा करतो कोण. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. त्यातही, एखाद्या दिवशी घरकामाला हात लावणारे पुरुष चारांत जेमतेम एक होते. घरच्या खाण्याचे कौतुक करताना हे आकडे विसरता येत नाहीत. रविवारी पहाटे पाचला उठून तिने पुऱ्या तळायच्या, भाजी करायची, डबे भरायचे आणि त्याने सातला गाडी काढायची, अशी सहल असेल तर तिच्या वाट्याला सुट्टी आलेलीच नसते. मग हॉटेलात जेवू या, असे ती म्हणाली तर त्यात तिची काहीच चूक नाही.

यावर उपाय अवघड नाही. शनिवारी संध्याकाळी दोघांनी मिळून अर्धी तयारी उरकावी. एकाने पीठ मळावे, दुसऱ्याने लाटावे. चटणी आधीच्या आठवड्यातली चालते. ज्याला स्वयंपाक येत नाही त्याने शिकायची सुरुवात याच डब्यापासून करावी, कारण दशमी थोडी वाकडी झाली तरी डोंगर चढून भूक लागलेल्या माणसाला ती गोडच लागते. खरी परीक्षा परतल्यावर असते. पाय दुखत असतात, दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असते आणि तेलकट डबे ओट्यावर पडलेले असतात. सकाळचा डबा ज्याने केला त्याच्याकडे रात्रीची भांडी येऊ नयेत, एवढी वाटणी निघण्याआधीच ठरवून घ्यावी आणि ती दर आठवड्याला आलटून-पालटून पाळावी.