हजाराच्या बोनसचा हिशेब

मोबाइलवरचं कॅसिनो अ‍ॅप नव्या खेळाडूला, समजा, हजार रुपयांचा बोनस देतं. तो लगेच काढता येत नाही. अटींच्या लांबलचक पानात दडलेलं असतं: आधी बोनसच्या तीसपट रकमेच्या पैजा लावा. म्हणजे 30,000 रुपये. स्लॉटच्या खेळात सरासरी 96 टक्के परत मिळतात असं धरलं, तर एवढ्या पैजांवर सरासरी 1,200 रुपये जातात. बोनस हजाराचा, तोटा बाराशेचा! आणि हे 96 टक्के प्रत्येक पैजेवरचे. तेच पैसे पुन्हा पुन्हा लावले की दर फेरीत झिजतात.

मला याहून घातक वाटतो तो आवाज. दहा रुपये लावले, चार परत आले, तरी पडद्यावर रोषणाई होते, नाणी खळखळतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे माइक डिक्सन आणि सहकाऱ्यांनी स्लॉट मशीन खेळणाऱ्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात अशा हरण्यालाही शरीर खऱ्या जिंकण्यासारखाच प्रतिसाद देत होतं. सहा रुपये गेले, पण शरीर आनंदात.

भारतात 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. तरीही चालणाऱ्या अशा बेकायदा अ‍ॅपमध्ये पैसे अडकले तर दाद मागणं फार अवघड, आणि आपल्या बँक खात्याचा तपशील मात्र ते चालवणाऱ्यांच्या हाती गेलेला असतो.