मल्टिपल स्क्लेरोसिस : अदृश्य दिव्यांगत्व, संशोधनाची दिशा आणि उच्च शिक्षणसंस्था

प्रस्तावना

मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू व मज्जारज्जू यांचा दीर्घकालीन रोग आहे. तो बहुधा वयाच्या २० ते ४० वर्षांच्या दरम्यान, म्हणजे शिक्षण, नोकरी आणि संसार उभा राहण्याच्या काळात प्रकट होतो. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून अधिक आढळते. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार जगात सुमारे २८ लाख लोक या रोगासह जगत होते. भारतात हा रोग युरोपच्या तुलनेने विरळ आहे. तथापि मुंबई व पुणे येथील पारशी समाजात तो इतर भारतीयांपेक्षा बराच अधिक असल्याचे डॉ. नोशीर वाडिया यांच्या १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. या रोगाची बरीचशी हानी बाहेरून दिसत नाही. संशोधनाने ही अदृश्य बाजू कशी उलगडली आणि शिक्षणसंस्थांनी तिची दखल का घ्यावी, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

रोगाचे स्वरूप

चेतातंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. त्यामुळे संदेश वेगाने व अचूक वाहिले जातात. या रोगात शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा या आवरणावर हल्ला करते. आवरण झिजले की संदेश मंदावतात किंवा खंडित होतात; पुढे चेतातंतूही नष्ट होऊ शकतो. हल्ल्याच्या जागी कठीण व्रण उरतात. अशा अनेक व्रणांवरूनच रोगाचे नाव पडले. पॅरिस येथील झाँ-मार्तें शार्को यांनी १८६८ मध्ये या रोगाचे सुस्पष्ट वर्णन करून त्याला स्वतंत्र ओळख दिली.

व्रण कोठे आहे यावर लक्षण अवलंबून असते. दृष्टिचेतेवर आघात झाल्यास एका डोळ्याची दृष्टी धूसर होते व डोळा हलविताना दुखतो. मज्जारज्जूवर झाल्यास पाय बधिर किंवा अशक्त होतात. लहान मेंदूवर झाल्यास तोल जातो. बहुसंख्य रुग्णांमध्ये आरंभी लक्षणे उद्भवतात व काही आठवड्यांनी पूर्णतः वा अंशतः ओसरतात. सुमारे १० ते १५ टक्के रुग्णांमध्ये मात्र ऱ्हास आरंभापासूनच हळूहळू वाढत जातो.

निदानातील अडचणी

रोग निश्चित करणारी एकच एक चाचणी उपलब्ध नाही. आघात मज्जासंस्थेच्या निरनिराळ्या भागांत आणि निरनिराळ्या वेळी झाले आहेत, हे दाखविणे हा निदानाचा परंपरागत पाया होय. एमआरआय आणि मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाची तपासणी यांच्या साहाय्याने २००१ मध्ये मॅकडोनाल्ड निकष निश्चित झाले. पुढे त्यांत वेळोवेळी सुधारणा होऊन निदान अधिक लवकर करणे शक्य झाले. दृष्टिचेता व मज्जारज्जू यांना ग्रासणारा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा रोग वरकरणी असाच भासतो. परंतु मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधे त्यात अपायकारक ठरतात. म्हणून अचूक निदान अत्यावश्यक आहे.

रोगासह जगणे

रुग्णाला सर्वाधिक जाच होतो तो बहुधा थकव्याचा. हा थकवा श्रमाच्या प्रमाणात नसतो व विश्रांतीनेही तो पुरता जात नाही. स्मरण, एकाग्रता आणि विचारांचा वेग यांवरही परिणाम होतो. चालता-बोलता येणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत या तक्रारी आळस किंवा टाळाटाळ समजल्या जातात. आजाराइतकाच हा गैरसमजही जाचक ठरतो.

उष्णतेचा परिणाम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. शरीराचे तापमान किंचित वाढले तरी मायलिन गमावलेल्या तंतूंतील संदेशवहन अडखळते. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उटहॉफ यांनी १८९० मध्ये श्रमानंतर दृष्टी तात्पुरती मंदावत असल्याची नोंद केली. त्यामागे शरीराच्या तापमानातील वाढ असल्याचे पुढे स्पष्ट झाले. हा नवा आघात नसतो; शरीर थंड झाल्यावर लक्षणे ओसरतात. तथापि एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यातील परीक्षागृहात तीन तास लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही 'तात्पुरती' अडचण वर्षाचा निकाल ठरवू शकते.

संशोधनाची वाटचाल

१९९३ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉन बीटा या औषधास मान्यता मिळाली आणि रोगाची गती रोखण्याचे पर्व सुरू झाले. २०१० मध्ये तोंडावाटे घेण्याचे फिंगोलिमॉड आले. २०१७ मध्ये मान्यता मिळालेले ऑक्रेलिझुमॅब आरंभापासून वाढत जाणाऱ्या प्रकारावरील पहिले मान्यताप्राप्त औषध ठरले. या औषधांनी आघातांची संख्या घटली. परंतु आघात थांबल्यावरही अनेकांचे दिव्यांगत्व संथपणे वाढतच राहते, असे निदर्शनास आले. हा मूक ऱ्हास रोखणे आणि झिजलेले मायलिन पुन्हा घडविणे, हे आजच्या संशोधनापुढील प्रमुख आव्हान आहे.

कारणमीमांसेत २०२२ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. हार्वर्ड येथील संशोधकांनी अमेरिकी सैन्यदलातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदींच्या आधारे केलेल्या अभ्यासात एप्स्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर रोगाचा धोका सुमारे ३२ पट वाढल्याचे आढळले. मात्र हा विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो आणि रोग मोजक्यांनाच होतो. त्यामुळे केवळ संसर्ग पुरेसा ठरत नाही. आनुवंशिक प्रवृत्ती, ड जीवनसत्त्वाची कमतरता व धूम्रपान यांचाही वाटा मानला जातो.

औषधांची किंमत हा भारतीय कुटुंबांपुढील मोठा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये क्लॅड्रिबिन, ग्लॅटिरॅमर ॲसिटेट व रिटुक्सिमॅब यांचा या रोगासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. यांपैकी रिटुक्सिमॅबची तुलनेने स्वस्त जैवसदृश रूपे भारतात तयार होतात, ही दिलासा देणारी बाब आहे.

कायदा आणि महाविद्यालये

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत मल्टिपल स्क्लेरोसिसचा स्पष्ट उल्लेख आहे. परीक्षेत अधिक वेळ देण्यासारख्या सवलतींची तरतूद त्यात आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापनेने सेवेतून दूर करू नये, असे कलम २० सांगते. शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थाही या संज्ञेत येतात. मात्र आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. चढउतार होणाऱ्या या रोगात तपासणीच्या दिवसाची स्थिती वर्षभराच्या स्थितीची निदर्शक असेलच असे नाही. ही उणीव महाविद्यालयीन पातळीवर काही प्रमाणात भरून काढता येते. तळमजल्यावरील हवेशीर परीक्षाकक्ष, मधली विश्रांती, सकाळच्या सत्रातील तासिका यांसाठी मोठा खर्च लागत नाही.

समारोप

मूक ऱ्हास संशोधकांच्या ध्यानी आला तो केवळ आघात न मोजता रुग्णाकडे सलग पाहिल्यामुळे. विद्यार्थी किंवा सहकारी धडधाकट दिसतो, एवढ्यावरून त्याची क्षमता ठरविणे म्हणजे तीच जुनी चूक करणे होय. नव्या औषधांची प्रतीक्षा आवश्यक आहे. परंतु थकल्याचे सांगणाऱ्या व्यक्तीवर विश्वास ठेवण्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.