खर्जाला जागा हवी
दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफा, टीव्ही आणि कपाट बसवल्यावर सबवूफरसाठी उरतो तो कोपरा. तिथे दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज उचलून धरतात. आवाज दणदणीत होतो, पण बहुधा घुमतोही.

दोष सबवूफरचा नसतो, खोलीचा असतो. 12 फुटांच्या लांबीत साधारण 47 हर्ट्झचा स्वर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकतो: भिंतीलगत फुगतो, मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. म्हणूनच एकाच घरात एकाला धडधड जाणवते, शेजारी बसलेल्याला काहीच नाही.

यावर बिनखर्चाची, खरोखर उपयोगी युक्ती आहे. सबवूफर ऐकणाऱ्याच्या जागी, थेट सोफ्यावर ठेवायचा, ओळखीचं गाणं लावायचं आणि जमिनीलगत रांगत खोली फिरायची. जिथे ठोके सुटे आणि एकसारखे ऐकू येतील, तीच सबवूफरची जागा.

ती सोफ्याच्या बगलेत निघाली तरी बिघडत नाही. साधारण 80 हर्ट्झखालचा आवाज कुठून येतो, हे कानाला सहसा कळत नाही.

फ्लॅटमध्ये मात्र खाली जाड रबर किंवा फोम घालावा. फरशीत उतरणारी थरथर त्याने कमी होते.