हिपॅटायटिस सी : भय कोठे बाळगावे?

समजा, आगगाडीच्या गर्दीत एखाद्या अनोळखी प्रवाशाच्या खरचटलेल्या हाताचा आपल्या हाताला स्पर्श झाला. किंवा न्हाव्याच्या दुकानातून घरी परतल्यावर मानेवर लहानसा ओरखडा दिसला. किंवा ज्या स्नेह्याच्या घरी आपण काल जेवून आलो, त्याला ‘हिपॅटायटिस सी’ हा यकृताचा विकार असल्याचे आज समजले. शरीराला कसलाही त्रास नसतो. परंतु मनात शंकेची पाल एकदा चुकचुकली की ती सहजासहजी गप्प बसत नाही. अन्न गोड लागत नाही, झोप उडते, आणि डोळे पिवळे झाले की काय हे आरशात पुन्हा पुन्हा पाहिले जाते. अशा वेळी ‘घाबरू नका’ एवढे सांगून भागत नाही. भय खरे की खोटे हे ठरवावयाचे, तर रोग कोणत्या वाटेने येतो हे आधी समजले पाहिजे.

नाव एक, वाटा दोन

आपल्याकडे ‘कावीळ’ या एकाच शब्दात अनेक रोग सामावलेले आहेत. त्यांपैकी ए आणि ई या विषाणूंमुळे होणारी कावीळ मुख्यतः दूषित पाण्यातून व अन्नातून पसरते. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि हजारो नागरिकांना कावीळ झाली. ती साथ ई विषाणूची होती, हे पुढे अनेक वर्षांनी उघड झाले. पाणी उकळून प्या, बाहेरचे खाऊ नका, हा धडा आपल्या घराघरांत अशाच साथींनी शिकविला, आणि तो योग्यच आहे.

परंतु सी विषाणूची वाट निराळी आहे. एकाचे रक्त दुसऱ्याच्या रक्तात मिसळले, तरच तो प्रवेश करतो. १९८९ साली त्याचा शोध लागेपर्यंत शास्त्रज्ञ या रोगाला ‘ए नव्हे व बी नव्हे असा यकृतदाह’ या नावाने ओळखत असत. या शोधाबद्दल हार्वे आल्टर, मायकेल हाउटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. एका ताटात जेवणे, एका पेल्याने पाणी पिणे, मिठी मारणे, शिंकणे किंवा खोकणे यांनी हा रोग पसरत नाही. पती-पत्नींच्या सहवासातूनही तो क्वचितच लागतो. गरोदर मातेकडून तो बालकाला होऊ शकतो, पण अशी बालके थोडी.

आता आरंभीच्या तीन प्रसंगांकडे पुन्हा पाहा. स्नेह्याकडील जेवणातून धोका नाही. अखंड त्वचेला दुसऱ्याचे रक्त लागले, तरी त्वचा हीच भक्कम तटबंदी होय. ते साबण व पाण्याने धुऊन टाकले की पुरे. न्हाव्याकडील ओरखड्याची गोष्ट थोडी वेगळी. पाते नवे असेल तर चिंता नको; दुसऱ्यासाठी वापरलेलेच पाते असेल, तर धोका अल्प असला तरी तो अजिबात नाही असे म्हणता येत नाही. हा धोका किती, याचा अंदाज रुग्णालयांतील अनुभवावरून येतो. बाधित रुग्णासाठी वापरलेली सुई परिचारिकेला किंवा डॉक्टरला टोचली, तरी अलीकडील पाहणीनुसार अशा हजार प्रसंगांत सुमारे दोघांनाच लागण होते.

जेथे भय हवे तेथे ते नसते

या रोगाविषयी खेदाची बाब ही की, भीती बहुधा चुकीच्या दारी जाऊन बसते. इजिप्तचे उदाहरण पाहा. नाईलच्या खोऱ्यात शिस्टोसोमा नावाच्या कृमींनी लोकांना हैराण केले होते. त्यावर उपाय म्हणून १९५० च्या दशकापासून सुमारे तीस वर्षे तेथे गावोगाव इंजेक्शने देण्यात आली. हेतू उत्तम होता. पण काचेच्या पिचकाऱ्या पुरेशा उकळल्या जात नसत, आणि एकाचे रक्त दुसऱ्यापर्यंत पोहोचत गेले. कृमींची भीती सर्वांना होती. सुईची कोणालाच नव्हती. पुढे त्याच देशाने २०१८-१९ मध्ये कोट्यवधी नागरिकांची तपासणी करून बाधितांवर मोफत उपचार केले, हेही सांगितले पाहिजे.

आपल्याकडेही असेच घडते. आगगाडीतील स्पर्शाने बेचैन होणारा गृहस्थ साध्या तापासाठी ‘एक सुई द्याच’ असा डॉक्टरांकडे आग्रह धरतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेत आपल्याला रक्त दिले गेले होते, हे एखाद्या गृहिणीच्या ध्यानीही नसते. रक्तपेढ्यांतील रक्ताची सी विषाणूसाठी तपासणी आपल्या देशात या शतकाच्या आरंभी सक्तीची झाली. म्हणून २००२ पूर्वी ज्यांना रक्त दिले गेले, ज्यांना डायलिसिस घ्यावे लागते, ज्यांनी जत्रेत गोंदवून घेतले, किंवा ज्यांनी कधी नशेची सुई टोचून घेतली, त्यांनी एकदा रक्त तपासून घ्यावे. हा विषाणू वर्षानुवर्षे मुकाट्याने यकृतात वस्ती करतो, आणि लक्षणे दिसेपर्यंत पुष्कळ हानी झालेली असते.

शंका मिटवावी कशी?

सुई टोचली किंवा वापरलेल्या पात्याने जखम झाली, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी. ती पिळू नये. डॉक्टरांना सर्व हकीकत सांगावी. या रोगावर लस नाही, आणि संपर्कानंतर घ्यावयाचे प्रतिबंधक औषधही दिले जात नाही. म्हणून तपासणी हाच मार्ग. मात्र ती योग्य वेळी व्हावी. दुसऱ्याच दिवशी केलेली तपासणी केवळ आपली पूर्वीची स्थिती सांगते. विषाणूचा प्रत्यक्ष शोध घेणारी चाचणी तीन ते सहा आठवड्यांनी आणि प्रतिपिंडांची चाचणी चार ते सहा महिन्यांनी करतात. दोन्ही निर्दोष आल्या की प्रकरण संपले असे समजावे. त्यानंतर पुन्हा पुन्हा रक्त तपासत राहिल्याने शंका मिटत नाही, उलट वाढतेच.

प्रतिपिंडे आढळली, तरी हातपाय गाळण्याचे कारण नाही. सुमारे तीस टक्के लोकांचे शरीर सहा महिन्यांच्या आत हा विषाणू स्वतःच हुसकावून लावते; म्हणून दुसरी चाचणी आवश्यक ठरते. विषाणू टिकून राहिला असेल, तर पूर्वीसारखी वर्षभर कष्टदायक इंजेक्शने आता घ्यावी लागत नाहीत. बहुतेकांना सुमारे बारा आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात, आणि शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली शासकीय केंद्रांत तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात.

शेवटी, ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना एक विनंती. सुनेचे किंवा भावाचे ताट-वाटी निराळी काढून ठेवल्याने कोणाचेही रक्षण होत नाही; आजारी माणसाचे मन मात्र दुखावते, आणि शेजारपाजारचे लोक ते पाहून आपली तपासणी लपवू लागतात. वेगळे ठेवावयाचे ते दाढीचे पाते, नखे कापण्याचे साधन आणि दात घासण्याचा ब्रश. जखम झाकावी, सांडलेले रक्त हातमोजे घालून जंतुनाशकाने पुसावे, आणि दवाखान्यात सुई आपल्या डोळ्यांदेखत नवी उघडण्यास सांगावे. एवढी दक्षता घेतली की पंक्तीत त्या माणसाचे पान आपल्या शेजारीच मांडावे.